कापसाच्या गाठी आणि मुंबईची गोदी

जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. खानदेशातील मोठ्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्यास जोडून घ्यावे लागले. काळी जमीन, कापसाचे पीक आणि हंगामात सरकी वेगळी करणाऱ्या जिनांची घरघर, असा हा मुलूख आहे. या मुलखात आगीविषयीचे एक शहाणपण शाळेची पायरी न चढताही माणसाला मिळते. रुईच्या गंजीजवळ विडी पेटवावयाची नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. परंतु जिनात आयुष्य घालविलेला मजूर याहून पुढची गोष्ट सांगेल. यंत्राने दाबून बांधलेल्या गाठीत एकदा ठिणगी शिरली, की ती गाठ वरून थंड दिसते आणि आतून जळत राहते. तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा तिला पुरेशी होते. वरून घागरीच्या घागरी पाणी ओतले तरी ते आतवर पोचत नाही, आणि विझली म्हणून बाजूस सारलेली गाठ काही वेळाने पुन्हा धुमसू लागते.

आज ज्या घटनेचा इतिहास मी आपणांपुढे ठेवणार आहे ती जळगावात घडली नाही, मुंबईत घडली. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, हा तिचा दिवस. तिची आठवण निघाली म्हणजे लोक स्फोटाविषयी बोलतात, आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांविषयी बोलतात. कापसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक आरंभ कापसापासून झाला, आणि केवळ त्या दिवशीचाच नव्हे. मुंबईची गोदी शहराच्या अगदी कुशीत का आली, या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी कापसातच सापडते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसास सोन्याचा भाव आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग सुरू झाला, तो मुख्यतः कापूस बंदरापर्यंत लवकर पोचावा म्हणून. जळगाव जामोदास आगगाडी नव्हती. तेथला माल गाड्यांवर लादून नांदुऱ्यास न्यावयाचा आणि तेथून रुळांवर घालावयाचा. हा सारा ओघ मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन थांबे. तेथे समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या एका कंपनीचे नाव ‘एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी’ असे होते. त्यातील ‘प्रेस’ हा शब्द छापखान्याचा नव्हे, कापसाच्या गाठी दाबण्याच्या यंत्राचा आहे. पुढे सरकारने ही मालमत्ता विकत घेतली, १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक बांधून पुरा झाला.

गोद्या बांधल्या त्या मोकळ्या किनाऱ्यावर नव्हेत. मागेच मांडवी, मशीद बंदर, दाणा बंदर अशी दाट वस्ती, धान्याच्या वखारी, मसाल्यांची दुकाने, माडीवर कुटुंबे आणि तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या. बंदरातून जे येई ते प्रथम या वस्तीत येई, मग ते धान्य असो वा रोग असो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील प्लेगचा पहिला रोगी डॉक्टर व्हिएगस यांना आढळला तो मांडवीतच. व्यापाऱ्याला वखार धक्क्याजवळ हवी होती आणि हमालाला खोली वखारीजवळ. शहर आणि गोदी यांच्यामध्ये हातभर अंतर राखण्याची कल्पना त्या काळी कोणालाच परवडणारी नव्हती. कापसाच्या आणि धान्याच्या व्यवहाराला तशी गरजही भासली नसेल. जोवर बोटींतून कापूस, गहू, साखर आणि कापड ये-जा करीत होते तोवर हा शेजार सुखाचा होता.

महायुद्धाने बोटींतील माल पालटला. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि हिंदुस्थान ही लढाईची पिछाडी बनली. १९४४ च्या एप्रिलात इंफाळ व कोहिमा येथे घनघोर संग्राम चालू होता. दारूगोळा हवा होता, आणि तो विनाविलंब हवा होता. शांततेच्या काळात स्फोटक द्रव्ये भरलेल्या जहाजास गोदीत प्रवेश नसे. ते दूर समुद्रात नांगर टाकून उभे राही आणि माल पडावांतून थोडाथोडा उतरविला जाई. युद्धाच्या निकडीत हा नियम शिथिल झाला. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावे, हा संकेतही तसाच मागे पडला. शत्रूला आयती खूण कशाला द्यावयाची, हे त्याचे कारण. कारण समजण्यासारखे आहे. परंतु जी खूण शत्रूपासून लपविली ती शेजारच्या धक्क्यावरील हमालापासूनही लपली.

‘फोर्ट स्टिकीन’ हे कॅनडात १९४२ साली बांधलेले, सात हजार टनांहून अधिक भाराचे मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, विमाने होती, शिवाय एका पोलादी कप्प्यात ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस काही माल उतरला आणि जागा रिकामी झाली. युद्धकाळात रिकाम्या जागेएवढे दुसरे पाप नाही! त्या जागेत ८,७०० कापसाच्या गाठी चढविण्यात आल्या, तसेच वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी मांडणी झाली. चूल पेटण्याजोगी रचून तिच्यावर दारूचे मडके ठेवावे तसा हा प्रकार. जळगावच्या एखाद्या जिनवाल्याने ही मांडणी पाहिली असती तर तो त्या जहाजात पाऊल घालता ना. तथापि ती करणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे माल फार आणि जहाजे थोडी होती.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढची दुर्घटना म्हणजे निव्वळ दैवाचा घाला वाटेल. कापसाचा तंतू हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो जळतो, पण जळण्यासाठी त्यास बाहेरचा प्राणवायू लागतो. ट्रायनायट्रोटोल्यूइनसारख्या स्फोटकाची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या प्रत्येक अणुसंघातच प्राणवायूचा साठा बांधलेला असतो. तो पदार्थ थोडा आणि मोकळा असेल तर काळा धूर सोडीत नुसता जळेल. पण मोठा साठा बंदिस्त जागी तापत गेला, तर एका क्षणी जळणे थांबून स्फोट होतो. मग ती लहर सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने साऱ्या साठ्यातून धावते. गंमत अशी, की कापूस आणि स्फोटक यांचे नाते पुरातन आहे. शोनबाइन या शास्त्रज्ञाने १८४६ च्या सुमारास बाझेल येथे कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू पुढे दारूच्या कारखान्यांत याच कामी येऊ लागला. फोर्ट स्टिकीनवरील कापूस मात्र साधा होता. त्याने फक्त उष्णता पुरविली.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकच्या पहिल्या धक्क्यास लागले. दोन दिवस उलटले तरी स्फोटके त्याच्या पोटातच होती. १४ तारखेस दुपारी साडेबाराच्या सुमारास आसपासच्या जहाजांवरील काही जणांना त्याच्या वातनलिकेतून धूर निघताना दिसला. त्यांनी कोणास सांगितले नाही. त्या जहाजाच्या लोकांना ते दिसतच असेल, अशी प्रत्येकाची समजूत! माणसाच्या स्वभावातील हा दोष इतका सार्वत्रिक आहे की त्याबद्दल कोणा एकावर रागावण्यात अर्थ नाही. जेवणाची सुट्टी आटोपून हमाल खणात उतरले तेव्हा धुराची बोंब झाली, आणि दोन वाजण्याच्या सुमारास आग लागल्याचे जहाजावरील सर्वांस कळले.

पुढचे दोन तास इतिहासाच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. बंबखात्याच्या एका हुद्देदारास मोठी मदत मागविण्यास पाठविले; दूरध्वनीवरून निरोप लवकर जाईना, तेव्हा त्याने गजराची काच फोडली. त्या गजराचा अर्थ ठरलेला होता, त्याप्रमाणे प्रथम दोनच बंब आले. खरी परिस्थिती कळून आणखी बंब मागवीपर्यंत मोलाची मिनिटे गेली. मग पाणी सुरू झाले. एकंदर ९०० टनांहून अधिक पाणी त्या खणात सोडण्यात आले. पण जळती गाठ बुडत नाही. आत हवा कोंडलेली असल्याने ती तरंगते. पाणी जसजसे चढले तसतशा धुमसत्या गाठी त्याबरोबर वर उचलल्या गेल्या, आणि वर काय होते ते आपण ऐकलेच आहे. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्यानेच आग दारूपाशी नेऊन पोचविली. जिनातील मजुरास जे ठाऊक होते ते त्या धक्क्यावर एकाही अधिकाऱ्याच्या ध्यानी येऊ नये, असे मी म्हणत नाही. पण पाण्यावाचून दुसरा उपाय हाती नसताना ध्यानी येऊन तरी काय करावयाचे होते?

जहाजाच्या कडेचा रंग एका जागी फुगून फुटू लागला, म्हणजे आगीचा ठाव लागला. तेथे पोलादास भोक पाडून नेमक्या जागी पाणी सोडावे असे ठरले आणि पोलाद कापण्याचे वायुयंत्र आणविले. ते चालले नाही. जहाज तेथेच बुडवावे, असे एक मत पडले. परंतु गोदीतील पाणी तो खण बुडेल इतके खोल नव्हते. जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे, असे दुसरे मत. धक्क्यावर जहाजाचे कप्तान नेस्मिथ होते, गोदीचे अधिकारी होते, लष्करातील दारूगोळ्याचे जाणकार होते, बंबखात्याचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज होते. प्रत्येकाचा अधिकार आपापल्या हद्दीपुरता. ‘हे करा’ असे सर्वांस सांगू शकेल असा एकही माणूस तेथे नव्हता. दारूगोळ्याच्या जाणकारास त्या मालाची यादी पाहताच धोक्याची पूर्ण कल्पना आली होती. परंतु गोदी रिकामी करा, पलीकडची वस्ती हलवा, असा हुकूम सुटला नाही. शेजारच्या धक्क्यांवर काम चालूच राहिले. मांडवीत तराजू खाली-वर होत राहिले.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी ज्वाला खणाच्या तोंडातून वर उसळल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. बंबवाल्यांपैकी कित्येकजण हातातील नळ्या न सोडता उभे होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने, चार चौतीसला, दुसरा. दुसरा अधिक भयंकर होता. सुमारे बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या; सतराशे किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापकावर रेघ उमटली. ‘जलपद्मा’ नावाचे चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर पडले. दहाहून अधिक जहाजे नष्ट झाली. गोदीच्या इमारती कोसळल्या. आणि जळत्या कापसाचे पुंजके शहरावर पावसासारखे पडले. लोखंडाचा तुकडा ज्यास लागेल त्यास मारतो. पेटलेला कापूस जेथे पडेल तेथे नवी आग निर्माण करतो. मांडवी आणि मशीद बंदर भागांत शेकडो ठिकाणी एकाच वेळी आगी लागल्या, त्या आटोक्यात यावयास तीन दिवस गेले.

मृतांचा आकडा निरनिराळ्या हिशेबांत निरनिराळा आढळतो, आठशेपासून तेराशेपर्यंत. धक्क्यावरील हंगामी हमाल कोणाच्या हजेरीपुस्तकात असतातच असे नाही, ही गोष्ट ध्यानात घेता मला मोठ्या आकड्याकडे कल द्यावासा वाटतो. बंबवाले ६६ मेले. जखमी अडीच हजारांच्या घरात आणि बेघर ऐंशी हजार. त्या वेळी मुंबईची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे दर वीस माणसांत एकाचे घर गेले. सोन्याची एक वीट सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि त्याने ती सरकारास प्रामाणिकपणे परत केली, ही हकीकत घरोघर सांगितली जाते. ती सुंदर आहे यात शंका नाही. पण त्याच दिवशी वखारींतील सुमारे ५५ हजार टन धान्य जळाले, ही हकीकत कोण सांगतो? मुंबईत १९४३ च्या मे महिन्यापासून शिधावाटप चालू होते, बंगालच्या दुष्काळाची हाडे अजून उघड्यावर पडलेली होती. त्या वर्षी सोन्यापेक्षा ते धान्य महाग होते.

आता मी या इतिहासाच्या अशा भागाकडे वळतो, की जो नभोवाणीवर बोलणाऱ्याने तरी वगळू नये. स्फोट झाला तेव्हा शहरास वाटले, जपानी विमाने आली. तसे वाटणे स्वाभाविक होते. दोन वर्षे लोक त्याच भीतीत वावरत होते. खरे काय ते त्यांना त्याच संध्याकाळी सांगता आले असते. परंतु युद्धकाळाच्या निर्बंधांमुळे वृत्तपत्रांनी मौन धरले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने मुंबईच्या स्फोटाची सविस्तर बातमी दिली. आपल्या देशातील वृत्तपत्रांना ती छापण्याची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या शत्रूपासून गुपित राखावयाचे तो एका दिवसात सारे जाणून बसला. ज्यांची घरे जळाली ते महिनाभर अफवांवर जगले. आधी तांबडे निशाण लपविले, मधल्या दोन तासांत धोक्याची सूचना दिली नाही, नंतर बातमी दाबली. शहर आणि गोदी यांच्यामध्ये भिंत नव्हती असे मी वर म्हटले. मालाच्या बाबतीत ते खरे आहे. माहितीच्या बाबतीत मात्र भिंत होती आणि ती चांगली जाड होती.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कापूस आणि दारूगोळा यांची केलेली मांडणी, युद्धाच्या निकडीपायी असे जहाज गोदीच्या आत आणणे, आणि खणात लागलेली आग वेळीच न विझणे, अशी कारणपरंपरा तीतून पुढे आली. आगीचे मूळ बहुधा टाकून दिलेल्या सिगारेटीत असावे, असाही तर्क झाला. लोकांच्या स्मरणात ती सिगारेटच राहिली. मला यात अन्याय वाटतो. सिगारेट टाकणारा हमाल, जर तो असलाच तर, खणात काय आहे हे जाणत नव्हता. त्यास कोणी सांगितले नव्हते. ज्यांस यादी ठाऊक होती त्यांच्या पदरी दोषाचा जो वाटा येतो तो ‘युद्धाची निकड’ या शब्दांत विरून जातो. त्याच वर्षी नुकसानभरपाईचा वटहुकूम निघाला. हजारो माणसांनी कित्येक महिने खपून गोदी पुन्हा चालू केली.

असे प्रसंग इतरत्रही घडले आहेत आणि त्यांचे परस्परांशी साम्य विलक्षण आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी ‘माँ ब्लाँ’ नावाचे दारूगोळ्याने भरलेले जहाज दुसऱ्या जहाजाशी टकरून पेटले. त्यावरही तांबडे निशाण नव्हते. नागरिक खिडक्यांशी येऊन आगीची शोभा पाहत होते. स्फोट झाला तेव्हा सतराशेहून अधिक माणसे मेली आणि काचांनी शेकड्यांचे डोळे गेले. मुंबईच्या घटनेस तीन वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले, त्या १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे ‘ग्रँडकँप’ जहाजातील अमोनियम नायट्रेट पेटले. हे खत, शेतकऱ्याच्या उपयोगाचे. माल भिजून खराब होऊ नये म्हणून कप्तानाने पाण्याऐवजी खण बंद करून आत वाफ सोडविली. पण या पदार्थातही प्राणवायू मुळातच बांधलेला असतो. हवा कोंडून तो विझत नाही, उलट वाफेने अधिक तापतो. मुंबईत पाण्याने घात केला, तेथे वाफेने. सुमारे ५८० माणसे मेली, त्यांत गावच्या बंबखात्याचे जवळजवळ सारे लोक होते. आणि बैरुत बंदरात त्याच खताचे २,७५० टन सहा वर्षे वखारीत पडून राहून ४ ऑगस्ट २०२० रोजी उडाले, हे तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे.

सातपुड्याच्या अलीकडे राहणाऱ्यांना त्या डोंगरापलीकडचे भोपाळ विसरता येणार नाही. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट सुटले. त्या विषापासून जे औषध बनावयाचे ते ‘सेविन’ या नावाने विकले जाई आणि कापसावरील किडीसाठीही वापरले जाई. पुन्हा कापूस! कारखान्याच्या कुंपणालगतच्या वस्तीला टाकीत काय आहे हे माहीत नव्हते. इस्पितळातील डॉक्टरांना रोग्यांच्या फुप्फुसांत काय शिरले आहे हे कळेना. त्यानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया चालविणाऱ्याने तेथील धोक्यांची माहिती कामगारांना तशीच आसपासच्या नागरिकांनाही द्यावी असे कलम त्यात आले. १९४४ च्या मांडवीकरांना जे हवे होते ते त्रेचाळीस वर्षांनी कागदावर उतरले.

कागदावरचे जमिनीवर किती उतरते हे डोंबिवलीने दाखविले. वाचनालयांचे आणि नाटकवेड्यांचे हे मराठी गाव. त्याच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आले आणि पुढे घरे त्या कारखान्यांच्या भिंतींपर्यंत जाऊन भिडली. मांडवीचीच कथा, फक्त धक्क्याऐवजी भट्टी. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस या कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मेली आणि दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीतील दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तोच प्रकार झाला. या दोन तारखांमधील आठ वर्षांत घरे आणि कारखाने यांतील अंतर वाढले नाही.

मुंबईच्या गोदीतील ६६ बंबवाल्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन उभे होते तो आणि त्याचा शेजारी प्रिन्सेस डॉक पुढे नव्या बंदरयोजनेसाठी भरून टाकण्यात आले. त्या जागी आता पाणी नाही. तत्पूर्वी कित्येक वर्षे गोदीतील गाळ उपसताना अधूनमधून एखादी सोन्याची वीट वर येत असे. २०११ च्या ऑक्टोबरात गाळातून वर आला तो ४५ किलो वजनाचा एक तोफगोळा. सदुसष्ट वर्षे चिखलात पडूनही तो जिवंत होता, आणि नौदलाच्या लोकांना येऊन तो निकामी करावा लागला.